सर्व्हरवर मोजकेच पोर्ट उघडे असतील, तर फायरवॉलने खरंच सुरक्षा वाढते का?

टॉवेल_आयटी (अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर)

नमस्कार मंडळी,

टेरी टॉवेलच्या युनिटमधला एक सर्व्हर आहे. उबुंटू २२.०४, एनजिनएक्स, पीएचपी आणि मायएसक्यूएल ८. ऑर्डर, सूत, डाइंग, डिस्पॅच सगळं त्यावरच्या ईआरपीत चालतं. सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डं आहेत. एक ऑफिसच्या लॅनला जोडलंय आणि दुसऱ्यात प्रोव्हायडरची स्टॅटिक आयपीची वायर थेट येते, कारण मुंबईचे एजंट बाहेरून स्टॉक बघतात आणि मालक पुण्याहून रोजचा डिस्पॅच बघतात.

एसएसएच, म्हणजे लांबून सर्व्हरवर लॉगिन, फक्त डिजिटल की वर चालतं, पासवर्ड लॉगिन बंद आहे. अपडेट वेळच्या वेळी होतात. वेबसाठी ४४३ आणि एसएसएचसाठी २२, एवढेच पोर्ट (सर्व्हरची क्रमांकाची दारं) बाहेरून वापरात आहेत.

आता एक हार्डवेअर विक्रेता फायरवॉलचा डबा घ्या म्हणून मागे लागलाय. डबा वेगळा, वर दरवर्षीचं लायसन्स वेगळं. माझा प्रश्न त्याही आधीचा आहे. ज्या पोर्टावर काही ऐकतच नाही तिथे फायरवॉल अडवणार काय? आणि जे दोन पोर्ट उघडे आहेत ते फायरवॉलमध्येही उघडेच ठेवावे लागणार. मग त्याच मशीनवरची यूएफडब्ल्यू (उबुंटूतली फायरवॉल) काय किंवा बाहेरचा डबा काय, नेमका फायदा कशात आहे? जाणकारांनी नीट सांगावं, म्हणजे मालकांना तसं सांगता येईल.

---

सातरस्ता_सिसॲडमिन

तर्क बरोबर आहे. रिकाम्या पोर्टावर टीसीपीचं सिन पॅकेट (कनेक्शनची विचारणा) आलं की कर्नल (लिनक्सचा गाभा) स्वतःच आरएसटी (नकार) पाठवून मोकळा होतो. यूडीपी असेल तर 'पोर्ट अनरीचेबल' असा आयसीएमपी निरोप जातो. तिथे फोडण्यासारखं काहीच नसतं. फायरवॉलने तेच पॅकेट गिळलं तरी सुरक्षेत काडीचा फरक पडत नाही. ४४३ चंही तसंच. ईआरपीच्या लॉगिन पानात एसक्यूएल इंजेक्शनची फट (फॉर्ममधून डेटाबेसला हुकूम घुसवता येईल अशी) असेल तर हल्ला ४४३ वरूनच येणार, आणि पोर्ट बघणारी फायरवॉल त्याला वाट देणारच.

फायदा आहे तो तीन ठिकाणी.

पहिली गोष्ट, 'एवढेच दोन उघडे आहेत' हे आज खरं असेल, सहा महिन्यांनी असेलच असं नाही. कोणीतरी एक पॅकेज टाकतं आणि ते सगळ्या कार्डांवर ऐकायला लागतं. ईआरपीवाला चाचणीसाठी ८००० वर काहीतरी चालू करतो आणि तसंच सोडून जातो. अशा वेळी डिफॉल्ट डिनाय (परवानगी नसलेलं सगळं बंद) असेल तर चूक घरातल्या घरात राहते. २५ जानेवारी २००३ चा एसक्यूएल स्लॅमर (आपोआप पसरणारा वर्म) आठवा. यूडीपी १४३४ वर ३७६ बाइटचं एकच पॅकेट पुरायचं. पॅच जुलै २००२ पासून उपलब्ध होता. मे २०१७ च्या वॉनाक्राय या रॅन्समवेअरचंही (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारं) तेच. पॅच १४ मार्चला आला, हल्ला १२ मेला झाला आणि ४४५ पोर्ट इंटरनेटकडे तोंड करून उघडा असलेली मशीनं त्यात पहिली सापडली. त्या पोर्टांचं इंटरनेटवर काही कामच नव्हतं. ते बाहेरून अडवलेले असते तर पॅच राहिला असतानाही बाहेरून थेट आत शिरता आलं नसतं.

दुसरी गोष्ट, 'उघडा की बंद' याच्या पलीकडे 'कोणाला उघडा' हा प्रश्न असतो. ४४३ जगाला उघडा ठेवावा लागतो हे मान्य. २२ कशाला? जुलै २०२४ मध्ये ओपनएसएसएचमध्ये रिग्रेशनची (आधी दुरुस्त झालेली चूक परत आल्याची) मोठी त्रुटी निघाली, लॉगिन न करता रूटपर्यंत, म्हणजे पूर्ण ताब्यापर्यंत, जाणारी. २२.०४ मधली आवृत्तीही त्यात होती. की वर चालणारं एसएसएचसुद्धा त्यातून सुटलं नव्हतं, कारण त्रुटी लॉगिनच्या आधीच्या टप्प्यात होती. ज्यांचा २२ फक्त ठरावीक आयपींना दिसत होता त्यांना पॅच टाकायला निवांत वेळ मिळाला.

तिसरी गोष्ट बाहेर जाणाऱ्या ट्रॅफिकची. ती बहुतेक जण धरतच नाहीत, तिच्यावर वेगळं लिहायला हवं.

पण त्याआधी एक करा. सुडो लावून (ॲडमिन म्हणून) एसएस कमांड (कोण कुठे ऐकतंय ते दाखवणारी) चालवा, पर्याय टी-यू-एल-पी-एन, आणि यादी इथे टाका. लोकल ॲड्रेसच्या रकान्यात १२७.०.०.१ असेल तर ती सर्व्हिस मशीनच्या आतच आहे. ०.०.०.०, तारांकन किंवा चौकटी कंसात दोन विसर्ग असतील तर ती सगळ्या कार्डांवर ऐकते आहे, म्हणजे तुमच्या बाहेरच्या वायरवरही.

---

डेबियन_चिंचोळी

मी थोडं उलट बोलतो.

सर्व्हरची पहिली जबाबदारी नको त्या सर्व्हिस काढून टाकणं आणि हव्या त्या योग्य पत्त्यावर बांधणं ही आहे. डेबियन आजही फायरवॉल चालू न करता येतं, उबुंटूत यूएफडब्ल्यू असते पण बंद असते. फायरवॉल लावली की लोक मूळ काम टाळतात. रेडिस (मेमरीतला डेटाबेस) सगळ्या जगावर ऐकत असतो आणि म्हणे 'फायरवॉल आहे की!' मग कोणीतरी काहीतरी तपासायला पाच मिनिटं फायरवॉल बंद करतं आणि परत चालू करायचं राहून जातं.

शिवाय ती फुकट येत नाही. स्टेटफुल फायरवॉल प्रत्येक कनेक्शनची नोंद कॉनट्रॅक टेबलात ठेवते. स्थापित टीसीपी कनेक्शनची मुदत मुळात ४,३२,००० सेकंद असते, म्हणजे पाच दिवस. टेबल भरलं की डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) 'टेबल फुल, ड्रॉपिंग पॅकेट' येतं आणि सर्व्हर ठणठणीत असूनही साइट अडखळते. तीस-चाळीस वापरकर्त्यांच्या ईआरपीला हा त्रास होणार नाही, पण असं होऊ शकतं हे माहीत असलेलं बरं.

आणि 'ड्रॉप' केलं (पॅकेट उत्तर न देता टाकून दिलं) म्हणजे आपण अदृश्य झालो हा समज सोडा. ४४३ उत्तर देतोय म्हणजे मशीन आहे हे जगाला कळलेलंच आहे. ड्रॉपमुळे त्रास आपल्यालाच होतो. चुकीच्या पोर्टावर गेलेला आपला प्रोग्राम क्षणात 'नाकारलं' असं उत्तर मिळण्याऐवजी दोन मिनिटांच्या आसपास लटकून राहतो. आतल्या लॅनसाठी तरी रिजेक्ट (लगेच नकार) ठेवा.

थोडक्यात, क्रम असा ठेवा: नको ते काढा, उरलेलं बांधा, पॅच टाका, आणि मग फायरवॉल.

---

टॉवेल_आयटी

यादी टाकतोय.

टीसीपी ०.०.०.०:२२ — एसएसएचडी
टीसीपी ०.०.०.०:८० आणि :४४३ — एनजिनएक्स
टीसीपी १२७.०.०.१:३३०६ — मायएसक्यूएलडी
टीसीपी *:३३०६० — मायएसक्यूएलडी
टीसीपी ०.०.०.०:६३७९ — डॉकर-प्रॉक्सी
टीसीपी ०.०.०.०:४४५ — एसएमबीडी
टीसीपी *:८०८१ — जावा
टीसीपी, यूडीपी ०.०.०.०:१११ — आरपीसीबाइंड

४४५ म्हणजे जेकार्डच्या डिझाइन फायलींचं शेअर फोल्डर, डिझाइनवाले लॅनवरून वापरतात. ८०८१ हे हजेरीच्या मशीनचं सॉफ्टवेअर. ६३७९ चा रेडिस ईआरपीवाल्यांनी डॉकरमध्ये (प्रोग्राम कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवणारं सॉफ्टवेअर) टाकलाय, लॉगिनचे सेशन त्यात राहतात. मायएसक्यूएलला तर १२७.०.०.१ दिलेलं आहे, मग ३३०६० कुठून आला?

---

सातरस्ता_सिसॲडमिन

३३०६० हा मायएसक्यूएल ८ चा एक्स प्रोटोकॉल (डेटाबेसशी बोलायची दुसरी पद्धत). त्याचा पत्ता वेगळ्या सेटिंगने ठरतो. बाइंड-ॲड्रेस बदललं तरी मायएसक्यूएलएक्स-बाइंड-ॲड्रेस जसंच्या तसं राहतं, आणि मायएसक्यूएलच्या मूळ डिफॉल्टमध्ये ते सगळ्या पत्त्यांवर असतं. ईआरपी एक्स प्रोटोकॉल वापरत नसणार. कॉन्फिगमध्ये मायएसक्यूएलएक्स=० लिहा आणि सर्व्हिस रीस्टार्ट करा, विषय संपला.

१११ ची गंमत अशी की आरपीसीबाइंडची फक्त सर्व्हिस बंद केली तर सॉकेट युनिट तिला परत जागं करतं. सर्व्हिस आणि सॉकेट दोन्ही डिसेबल करा. एनएफएस (नेटवर्कवरून फायली शेअर करायची पद्धत) वापरत नसाल तर पॅकेजच काढून टाका. यूडीपी १११ उघडा राहिला तर तुमच्या मशीनचा वापर करून दुसऱ्या कोणावर तरी पॅकेटांचा मारा करता येतो, म्हणून हे आजच करा.

४४५ साठी एसएमबी.कॉन्फमध्ये (शेअर फोल्डरच्या सेटिंगची फाइल) 'इंटरफेसेस' या ओळीत लूपबॅक (मशीनचा स्वतःशी बोलायचा पत्ता) आणि आतलं कार्ड लिहा आणि 'बाइंड इंटरफेसेस ओन्ली' ला येस करा. दुसरी ओळ विसरलात तर पहिलीने पोर्ट बंद होत नाही.

८०८१ ला मात्र नाइलाज आहे. अशा हजेरीच्या सॉफ्टवेअरमध्ये बहुतेक वेळा पत्ता निवडायची सोयच नसते, फक्त पोर्ट बदलता येतो. बांधता येत नाही आणि काढताही येत नाही अशा सर्व्हिससाठी फायरवॉल हाच एक उपाय उरतो. चिंचोळीवाल्यांचा क्रम मला मान्य आहे, पण त्यातली दुसरी पायरी दर वेळी आपल्या हातात नसते.

आणखी एक बारीक मुद्दा, दोन कार्डं आहेत म्हणून. एखादी सर्व्हिस आतल्या पत्त्यावर, समजा १९२.१६८.१.१० वर बांधली, तरी लिनक्स पत्ता हा अख्ख्या मशीनचा मानतो, कार्डाचा नाही. बाहेरच्या वायरवर त्याच सेगमेंटमध्ये बसलेल्या कोणी १९२.१६८.१.१० साठीचं पॅकेट थेट तुमच्या कार्डाला दिलं, तर कर्नल ते स्वीकारू शकतो. लांबून कोणाला हे जमणार नाही, पण प्रोव्हायडरच्या एकाच स्विचवरच्या शेजाऱ्याला जमू शकतं. कार्डाचं नाव घालून लिहिलेला फायरवॉलचा नियम हे दार लावतो. नुसतं बांधून ते लागत नाही.

---

कंटेनर_होटगीरोड

सगळ्यात तातडीचं ६३७९ आहे, आणि तिथेच यूएफडब्ल्यू फसवते.

रेडिसमध्ये ३.२ पासून प्रोटेक्टेड मोड आहे, पासवर्ड नसेल तर तो बाहेरच्यांना दाद देत नाही. पण डॉकरच्या अधिकृत रेडिस इमेजमध्ये हा मोड मुद्दाम बंद ठेवलेला असतो, कारण दुसऱ्या कंटेनरांना त्याच्याशी बोलायचं असतं. पोर्ट बाहेर काढलात की पासवर्डशिवाय तो जगाला मोकळा. तुमच्या बाबतीत त्यात सेशन आहेत. कोणीही 'कीज' विचारून मालकांचा सेशन नंबर उचलला की ओटीपी, पासवर्ड काही न लागता मालकांच्या नावाने ईआरपीत शिरला.

आता यूएफडब्ल्यू का फसते ते बघा. यूएफडब्ल्यूचे नेहमीचे नियम इनपुट चेनमध्ये (खुद्द मशीनसाठी आलेल्या पॅकेटांची नियमयादी) बसतात. डॉकर मात्र पोर्ट पब्लिश करताना नॅट टेबलाच्या प्रीराउटिंगमध्ये (पॅकेट आल्याआल्याचा टप्पा) डीनॅट लावतो. पॅकेटचा पत्ता तिथेच बदलून कंटेनरचा होतो आणि ते फॉरवर्ड चेनकडे (पुढे पाठवायच्या पॅकेटांची यादी) वळतं, इनपुटला ते शिवतच नाही. यूएफडब्ल्यू स्टेटसमध्ये ६३७९ डिनाय दिसतो आणि बाहेरून कनेक्शन आरामात लागतं.

दुरुस्ती सोपी आहे. कंपोझ फाइलमध्ये (कंटेनरच्या सेटिंगची फाइल) पोर्ट्सखाली ६३७९:६३७९ असेल तिथे १२७.०.०.१:६३७९:६३७९ करा आणि कंटेनर नव्याने उभा करा. नुसता रीस्टार्ट चालत नाही, पोर्टाची जोडणी कंटेनर तयार होताना ठरते. पीएचपी स्वतः कंटेनरमध्येच असेल तर पोर्ट्सच्या ओळी पुसूनच टाका, आतल्या नेटवर्कवर दोघं एकमेकांना नावाने सापडतात.

एखादा कंटेनर बाहेर दाखवायचाच आहे पण ठरावीक लोकांना, तर नियम डॉकर-यूजर चेनमध्ये लिहा. डॉकर ती चेन आपल्या नियमांच्या आधी तपासतो आणि तिच्यातल्या नियमांना हात लावत नाही. तिथे पॅकेट पोचेपर्यंत डीनॅट झालेलं असतं, त्यामुळे पोर्ट कंटेनरचा लिहावा लागतो. बाहेर ८०८० आणि आत ८० असेल तर ८०८० लिहिलेला नियम कधीच लागू होत नाही. बाहेरच्याच पोर्टावर नियम हवा असेल तर कॉनट्रॅक मॉड्यूलचं सीटी-ओरिग-डीएसटी-पोर्ट वापरा.

---

नवीपेठ_नेटवर्क

डब्याबद्दल बोलतो, कारण मालक तेच विचारणार.

आधी लॅनचं चित्र डोळ्यांसमोर आणा. डिस्पॅचचा पीसी, अकाउंट्सचा पीसी, डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा), हजेरी मशीन आणि सर्व्हरचं आतलं कार्ड सगळं एकाच साध्या स्विचवर, एकाच १९२.१६८.१ च्या रेंजमध्ये. डिस्पॅचच्या पीसीवर कोणी मेलमधली खोटी इनव्हॉइस उघडली आणि रॅन्समवेअर शिरलं, तर तो पीसी सर्व्हरच्या ४४५ कडे स्विचमधूनच जातो. बाहेरच्या वायरवर बसवलेला कितीही महागडा डबा ते पॅकेट बघतसुद्धा नाही. ते अडवायचं तर एक तर सर्व्हरवरचीच फायरवॉल लागते, किंवा व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगवेगळी आभासी नेटवर्क) पाडून सगळं फायरवॉलमधून फिरवावं लागतं.

म्हणून पैसे लावायचेच असतील तर आधी मॅनेज्ड स्विच घ्या आणि व्हीलॅन करणारा साधा राउटर घ्या. डीव्हीआर आणि हजेरी मशीन वेगळ्या व्हीलॅनमध्ये, ऑफिसचे पीसी वेगळ्या, सर्व्हर वेगळ्या. पीसीवरून सर्व्हरकडे फक्त ४४३, डिझाइनवाल्यांच्या पीसीवरून ४४५ आणि हजेरी मशीनवरून ८०८१. डीव्हीआरला सर्व्हरकडे जायचं काही कारणच नाही. मोबाइलवर कॅमेरे दिसावेत म्हणून डीव्हीआरचा पोर्ट फॉरवर्ड केलेला असेल तर तो आधी काढा. राउटरमध्ये यूपीएनपी चालू असेल तर डीव्हीआर स्वतःच तो पोर्ट उघडून घेतो, तेही बंद करा. २०१६ चा मिराय बॉटनेट असल्याच कॅमेऱ्यांवर आणि डीव्हीआरवर उभा राहिला होता.

लायसन्सवाल्या डब्यात घुसखोरी ओळखायच्या सह्या (सिग्नेचर, म्हणजे हल्ल्यांच्या खुणा), वेब फिल्टर, रिपोर्ट असं मिळतं. पण ४४३ वरचा मजकूर एन्क्रिप्टेड असतो. तुमच्या सर्व्हरचं सर्टिफिकेट आणि खाजगी की डब्यात भरल्याशिवाय तो आत बघू शकत नाही. ते करणार नसाल तर ईआरपीसाठी तो डबा पोर्ट बघण्यापलीकडे फार काही करत नाही. लायसन्स संपलं की सह्या जुन्या होतात. आणि डबा हाही एक कॉम्प्युटरच असतो, त्याच्या व्हीपीएन पानातही त्रुटी निघतात. फर्मवेअर कोण अपडेट करणार हे ठरलेलं नसेल तर घेऊ नका. घेतलात तर त्याचं मॅनेजमेंट पान बाहेरच्या बाजूने बंद ठेवा.

विक्रेता हमखास आणखी एक सांगतो, 'भारताबाहेरचे सगळे आयपी बंद करून टाकू.' कचरा कमी होतो हे खरं. पण लेट्स एन्क्रिप्टचं (फुकट सर्टिफिकेट देणारी संस्था) सर्टिफिकेट ८० पोर्टवरून पडताळत असाल, तर ती पडताळणी जगातल्या वेगवेगळ्या ठिकाणांहून येते आणि त्या पत्त्यांची यादी जाहीर केलेली नाही. देशबंदी लावली की रिन्यूअल मुकाट्याने फेल होतं आणि सर्टिफिकेटची मुदत संपली की एजंटांचे फोन सुरू होतात. तुमच्या यादीत ८० दिसतोय, तो बहुधा याचसाठी आहे. तो बंद करायच्या आधी सर्टबॉटची (सर्टिफिकेट रिन्यू करणारा प्रोग्राम) ड्राय-रन चाचणी घ्या, किंवा डीएनएसवरून पडताळणी करा.

---

सातरस्ता_सिसॲडमिन

आता बाहेर जाणाऱ्या ट्रॅफिकचं.

पीएचपीत फट सापडली तर हल्लेखोर सहसा पहिलं काम करतो ते म्हणजे तुमच्या सर्व्हरला बाहेरून एक स्क्रिप्ट खेचायला लावणं, किंवा सर्व्हरकडूनच स्वतःच्या मशीनला उलटं कनेक्शन करवून घेणं. आत येणाऱ्यांना कितीही अडवलेलं असलं तरी हे कनेक्शन आतून बाहेर जातं, त्यामुळे सुटतं. डिसेंबर २०२१ च्या लॉगफोरजे या जावाच्या लॉगिंग लायब्ररीच्या त्रुटीत नेमकं हेच होतं. सर्व्हर स्वतः बाहेरच्या एलडॅप सर्व्हरकडे जाऊन कोड घेऊन यायचा. ज्यांच्या सर्व्हरला बाहेर जायला बंदी होती तिथे हल्ल्याचा नेहमीचा रस्ता अर्ध्यातच तुटला.

सगळं आउटगोइंग बंद करायला गेलात तर अपडेट, वेळ जुळवणं, डीएनएस सगळंच अडतं. त्यापेक्षा वापरकर्त्यावर नियम लावा. पीएचपी डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा या नावाने चालतं. आउटपुट चेनमध्ये ओनर मॉड्यूलने, किंवा एनएफटीमध्ये मेटा एसकेयूआयडीने, त्या वापरकर्त्याची नवीन कनेक्शनं रिजेक्ट करा. लूपबॅकला आधी सूट द्या, नाहीतर मायएसक्यूएल आणि रेडिस दोन्ही तुटतील. उबुंटूत नावं शोधायची विनंती १२७.०.०.५३ कडे जाते आणि पुढची चौकशी रिझॉल्व्हडी आपल्या वापरकर्त्याने करतो, म्हणून डीएनएस चालू राहतं.

तुमच्याकडे अडचण येईल ती ई-इनव्हॉइस आणि ई-वे बिलाची. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींच्या वरच्या उलाढालीला ई-इनव्हॉइस लागू आहे, म्हणजे तुमचा ईआरपी बाहेरच्या एपीआयला हाक मारत असणार. तिथले आयपी बदलू शकतात, आयपीवर नियम लिहिलात तर डिस्पॅचच्या वेळी गाडी गेटवर उभी राहील. याला स्क्विड (मधला प्रॉक्सी सर्व्हर) बसवा. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाला फक्त लूपबॅकवरचा स्क्विड दिसू द्या, आणि स्क्विडमध्ये परवानगीच्या डोमेन नावांची छोटी यादी ठेवा: जीएसटीची सेवा देणारा, एसएमएसवाला, बास. पीएचपीच्या कर्लला प्रॉक्सीचा पत्ता द्यावा लागेल, ते काम ईआरपीवाल्यांकडून लेखी मागून घ्या.

आठवडाभर आधी नुसता लॉगचा नियम लावा, अडवू नका. लॉगमध्ये वापरकर्त्याचा आयडी येईल असा पर्याय चालू ठेवा. महिनाअखेरीचं काम एकदा त्यातून जाऊ द्या, कारण काही हाका फक्त तेव्हाच जातात.

---

टॉवेल_आयटी

डॉकर आणि मायएसक्यूएलचं आज रात्रीच करतो. यूएफडब्ल्यू लावताना स्वतःलाच बाहेर कोंडून घ्यायची भीती वाटते, रविवारी मशीनजवळ कोणी नसतं. आणि मालक फिरतीवर असतात, त्यांचा आयपी रोज बदलतो. मग २२ ठरावीक आयपीला कसा ठेवायचा?

---

डेबियन_चिंचोळी

मालकांना एसएसएच कशाला? त्यांना ४४३ वरचा ईआरपी पुरे. तुम्हाला स्वतःला बाहेरून यायचं असेल तर वायरगार्ड (एन्क्रिप्टेड बोगदा करणारं व्हीपीएन) बसवा. यूडीपी ५१८२० उघडा ठेवा. ओळखीची की नसलेल्या पॅकेटला तो काहीच उत्तर देत नाही, त्यामुळे स्कॅन करणाऱ्याला तिथे काही आहे की नाही हेही कळत नाही. २२ फक्त वायरगार्डच्या रेंजला आणि आतल्या लॅनमधल्या तुमच्या पीसीला द्या. मोबाइल हॉटस्पॉटवरून येत असाल तर तुमच्या बाजूला पर्सिस्टंट कीपअलाइव्ह २५ सेकंद ठेवा, नाहीतर थोडा वेळ शांत बसलात की बोगदा मुका होतो.

कोंडून घ्यायची भीती असेल तर आधी परतीची सोय लावा. सिस्टमडी-रनला (ठरल्या वेळाने कमांड चालवणारी सोय) ऑन-ॲक्टिव्ह १० मिनिटं देऊन 'यूएफडब्ल्यू डिसेबल' लावून ठेवा. मग डिफॉल्ट डिनाय इनकमिंग, मग २२, ८०, ४४३ आणि ५१८२० चे नियम, मग आतल्या कार्डावर ४४५ आणि ८०८१, आणि सगळ्यात शेवटी एनेबल. आता चालू असलेलं सेशन तसंच ठेवा आणि दुसऱ्या खिडकीतून नवीन सेशन उघडून बघा. जुनं सेशन चालू आहे म्हणजे नियम बरोबर आहेत असं समजू नका. फायरवॉल स्थापित कनेक्शन तोडत नाही, त्यामुळे नियम चुकला असला तरी जुनी खिडकी चालतच राहते. नवीन सेशन लागलं की तो टाइमर थांबवा.

२२ आवळताना हेच चुकतं: यूएफडब्ल्यूत आधी जुळलेला नियम चालतो. सुरुवातीला दिलेला 'अलाऊ २२' तसाच ठेवून खाली 'फक्त वायरगार्डला' असा नियम जोडलात तर वरचाच लागू होतो. जुना नियम नंबर बघून डिलीट करा. त्याची आयपीव्ही६ ची जोडीदार ओळ वेगळी असते, तीही काढा.

आयसीएमपी पूर्ण बंद करू नका. 'पॅकेट मोठं आहे, तुकडे कर' हा निरोप त्यातूनच येतो. तो अडला की पिंग जातं, लॉगिन पान उघडतं, पण मोठा रिपोर्ट अर्धवट लटकतो आणि कारण सापडत नाही. आयपीव्ही६ मध्ये तर शेजारी शोधणंच आयसीएमपीव्ही६ वर चालतं. यूएफडब्ल्यूच्या बिफोर.रूल्समध्ये हे आधीच मोकळं आहे, त्याला हात लावू नका.

---

नवीपेठ_नेटवर्क

तपासणी लॅनमधून करू नका, तिथून काही वेगळंच दिसतं. मोबाइल डेटावर लॅपटॉप जोडा आणि एनमॅप (पोर्ट तपासणारा प्रोग्राम) पीएन आणि पी-डॅश पर्याय देऊन चालवा, म्हणजे सगळे ६५,५३५ पोर्ट तपासले जातील. ड्रॉप लावलेलं असेल तर बराच वेळ लागतो, चहाला जाऊन या. 'ओपन' म्हणजे सर्व्हिस पोचते आहे. 'क्लोज्ड' म्हणजे पॅकेट पोचलं पण तिथे कोणी ऐकत नाही. 'फिल्टर्ड' म्हणजे वाटेत अडलं. ६३७९ समोर ओपन दिसला तर यूएफडब्ल्यू स्टेटस काय म्हणतंय ते बाजूला ठेवा, स्कॅन खरा. बाहेरच्या कार्डाला आयपीव्ही६ मिळत असेल तर सहाचा पर्याय देऊन तीच तपासणी परत करा.

मग मशीन एकदा रीबूट करा आणि स्कॅन पुन्हा घ्या. यूएफडब्ल्यू आपले नियम जपून ठेवते. पण कोणी हाताने आयपीटेबल्सचे नियम टाकले असतील, तर नेटफिल्टर-परसिस्टंट (नियम जपून ठेवणारं पॅकेज) नसताना ते रीबूटला उडून जातात. यूएफडब्ल्यू असताना ते पॅकेज बसवू नका, दोघांची भांडणं होतात. डॉकर-यूजरचे नियम सिस्टमडी युनिटमध्ये ठेवा आणि ते डॉकरनंतर चालेल असं लिहा. एमआयडीसीत मे महिन्यात वीज किती वेळा जाते-येते ते तुम्हाला सांगायला नको. यूपीएस बसला की सर्व्हर रीबूट झालाच, आणि नियम गेलेत हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

लॉगचंही बघून घ्या. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत आणि घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायची आहे. उबुंटूचं लॉगरोटेट यूएफडब्ल्यूचा लॉग चारच आठवडे ठेवतं. ते साप्ताहिकच ठेवून आकडा २६ करा, १८२ दिवस होतात. लॉगिंगची पातळी लो पुरे. त्यावर नेली तर डिस्क कचऱ्याने भरते.

---

टॉवेल_आयटी

मोबाइल डेटावरून स्कॅन घेतला. दुरुस्तीनंतर ८० आणि ४४३ ओपन, बाकी सगळं फिल्टर्ड. दुसऱ्या पीसीवरून लॅनमध्ये ४४५ आणि ८०८१ चालतात, ६३७९ आणि ३३०६० लागत नाहीत. मालकांना सांगितलं की डबा आत्ता नको, त्या पैशात मॅनेज्ड स्विच आणि व्हीलॅनचा राउटर घेऊ. बाहेर जाणाऱ्या ट्रॅफिकचा लॉगचा नियम आज लावलाय, महिनाअखेर झाली की त्यात काय सापडतं ते इथेच टाकतो.

---

कंटेनर_होटगीरोड

रेडिसला पासवर्डही लावा. आणि सेशन एकदा सगळे फ्लश करा, म्हणजे आधी कोणी उचललेला नंबर असेल तर तो निकामी होईल. सगळ्यांना एकदा परत लॉगिन करावं लागेल, म्हणून सकाळची शिफ्ट सुरू व्हायच्या आत करा.